नकाशावरील रंग व कारखान्यांच्या जागा
(साकीनाका येथील अनुभव आणि शेतकऱ्यांनीं त्यापासून घ्यावयाचा बोध)

जमिनीची किंमत तिच्या मातीवरून, पाण्यावरून आणि बाजारापासूनच्या अंतरावरून ठरते, असें आपण शेतकरी लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों. हें मानणें चुकीचें होतें असें नाहीं. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत या तीन गोष्टींच्या जोडीस एक चौथी गोष्ट येऊन बसली आहे, आणि शहरांच्या आसपास तर तिनें पहिल्या तिन्ही गोष्टींस मागें टाकिलें आहे. नगररचनेच्या नकाशांत आपल्या सर्व्हे नंबरावर कोणता रंग भरला आहे, ही ती चौथी गोष्ट होय. पिवळा रंग म्हणजे राहण्याचीं घरें, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास क्षेत्र. बांधावर उभें राहून पाहिलें तर हा रंग दिसत नाहीं. पण कोणता कारखानदार कोठें येईल, त्याचा प्रतिस्पर्धी त्याच्या शेजारीं बसेल कीं दहा कोसांवर जाईल, आणि आपल्या एकरास काय भाव येईल, हें पुष्कळ अंशीं त्या रंगावर अवलंबून असतें.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं हा प्रकार जवळून पाहिला. ठाणें जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें आपली दोन एकर भातजमीन शेतीच्या भावानें विकली. त्या व्यवहाराचे कागद आमच्याच टेबलावरून गेले. पुढें थोड्याच महिन्यांनीं त्या भागाच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला व तो नंबर औद्योगिक विभागांत पडल्याचें दिसून आलें. घेणारास ही गोष्ट आधीं ठाऊक होती कीं काय, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. विकणारास ती ठाऊक नव्हती, एवढें खरें. तो गृहस्थ कचेरींत येऊन, "भाऊसाहेब, माती तीच, बांध तोच, मग भाव कसा बदलला?" असें विचारीत उभा राहिला. त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर उशिरां कां होईना, पण येथें देण्याचा विचार आहे.

एकाच गल्लींत पांच प्रतिस्पर्धी

या कामीं मुंबई उपनगरांतील साकीनाका हें ठिकाण उदाहरणास फार चांगलें आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्यास पवईकडून येणारा साकी-विहार रस्ता जेथें मिळतो तो हा नाका. ८ जून २०१४ रोजीं सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचें एक स्टेशन तेथें आहे. आमचा भाचा तेथील एका गाळ्यांत लेथ चालवितो. त्याच्याकडे जाण्याचा प्रसंग आला तेव्हां आम्हीं सहज त्या गल्ल्यांतून फेरी मारली. एका दारांत पत्र्याचा प्रेस, दुसऱ्यांत प्लॅस्टिकचे साचे, तिसऱ्यांत मुलामा देण्याचें काम, पुढें जुन्या यंत्रांचें भंगार. नवल हें कीं एकच धंदा करणारे पांच-सात कारखानदार एकाच गल्लींत समोरासमोर बसलेले.

आम्हीं भाच्यास विचारलें, "अरे, तुझें गिऱ्हाईक ओढणारा समोरच बसला आहे, तूं दुसरीकडे कां जात नाहींस?" तो म्हणाला, "मामा, तोही मला हेंच विचारतो. आम्हां दोघांस बसूं देणारी जागा एवढीच आहे."

या उत्तरांत सगळें मर्म आलें. तें नीट समजण्यासाठीं दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत : धंदेवाला आपल्या मनानें कोठें बसतो, आणि नियम त्यास कोठें बसवितो.

धंदेवाला आपल्या मनानें कोठें बसतो

हॅरोल्ड हॉटेलिंग नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९२९ सालीं या प्रश्नाचा विचार मांडला. त्याचा आशय आपल्या भाषेंत असा सांगतां येईल. एक मैल लांबीचा सरळ रस्ता असून त्याच्या दुतर्फा सारखी वस्ती आहे, आणि त्यावर उसाच्या रसाच्या दोन गाड्या लावावयाच्या आहेत, असें समजा. दोन्हींकडे रस सारखा व भावही सारखा. गिऱ्हाईक अर्थातच जवळच्या गाडीकडे जाणार. लोकांच्या सोयीच्या दृष्टीनें एक गाडी रस्त्याच्या पहिल्या पावभागावर आणि दुसरी शेवटच्या पावभागावर असावी. परंतु प्रत्येक गाडीवाला दुसऱ्याचें थोडें गिऱ्हाईक आपणांकडे ओढावें म्हणून मध्याकडे सरकतो, दुसराही सरकतो, आणि अखेर दोघेही मधोमध एकमेकांस खेटून उभे राहतात.

आतां नगरपालिकेनें रस्त्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्शांत गाडी लावण्यास मनाई केली, तर दोघे मनाईच्या दोन टोकांस जाऊन थांबतील. पण नगरपालिकेनें उलट असें ठरविलें कीं, रस्त्याच्या अगदीं पूर्वेकडील कोपऱ्यांतच काय त्या गाड्या लावाव्या, तर दोघेही त्या कोपऱ्यांत गर्दी करतील, आणि पश्चिमेच्या लोकांस मैलभर चालावें लागेल. गाडीवाले तेच, रस तोच. नियम बदलला तशी जागा बदलली.

शेजारीं बसण्यांत धंदेवाल्यांचा फायदाही असतो, हें कबूल केलें पाहिजे. लासलगांवास कांद्याचे व्यापारी एकाच आवारांत लिलावास उभे राहतात म्हणून तेथें विक्रेता जातो, आणि विक्रेता जातो म्हणून व्यापारी तेथून हलत नाहीं. साकीनाक्यास कारागीर, कच्चा माल, दुरुस्ती व वाहतूक हीं सर्व हाकेच्या अंतरावर मिळतात. पण लासलगांवचें आवार जसें बाजार समितीच्या कायद्यानें आंखून दिलें, तसेंच साकीनाक्याचें आवारही नियमांनींच आंखलें आहे. तें कसें, हें आतां पाहूं.

साकीनाक्याची हद्द कोणीं आंखली

हा सर्व भाग मूळचा साष्टी बेटांतील शेतीचा. मोहिली, चांदिवली, तुंगवे, पवई हीं तेथील जुनीं महसुली गांवें. जवळचे विहार व पवई हे तलाव अनुक्रमें १८६० व १८९१ सालचे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मुंबई शहर बेटाबाहेर वाढूं लागलें होतें. श्री. मोडक व श्री. मेयर यांनीं बृहन्मुंबईच्या योजनेची रूपरेषा तयार करून, उद्योगांची शहरांतील दाटी कमी करून ते बाहेर पसरावे, अशी दिशा दाखविली. त्याच सुमारास लार्सन अँड टुब्रो कंपनीनें पवईस दलदलीची व झाडीची जमीन घेऊन आपला कारखाना मांडण्यास आरंभ केला. १९५० सालीं व पुन्हां १९५७ सालीं महानगरपालिकेची हद्द वाढून ही गांवें व त्यांपलीकडचींही उपनगरें तिच्यांत आलीं.

पुढें १९६४ सालच्या विकास आराखड्यानें जमिनीचे वापर-विभाग ठरविले व चटई क्षेत्राचें प्रमाण बांधून दिलें. म्हणजे कोणत्या जागीं काय करावें, आणि एका जमिनीवर एकंदर किती बांधावें, या दोन्ही गोष्टी नियमांत आल्या. साकीनाका, मरोळ, चांदिवली, कुर्ला या भागांत औद्योगिक पट्टे पडले. जो कारखाना निवासी भागांत नको म्हणून ठरला, तो या पट्ट्यांत येऊं लागला. आणि त्याचा प्रतिस्पर्धीही त्याच कारणानें तेथें आला. दोघांनीं मिळून जागा निवडली असें नाहीं. इतर जागा बंद झाल्यामुळें दोघे एका ठिकाणीं येऊन पडले.

दुसरी गोष्ट मोठ्या कारखान्यांची. १९५८ सालीं श्री. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईच्या प्रश्नांचा अभ्यास करणारा गट नेमला गेला. १९६५ सालीं डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं प्रादेशिक नियोजनाची समिती बसली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणींत विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीनें राबलेले ते हेच गाडगीळ होत. या विचारमंथनांतून १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा झाला, आणि १९७३ सालीं मुंबई महानगर प्रदेशाची योजना मंजूर झाली. तेव्हांपासून मुंबईंत नव्या मोठ्या व मध्यम कारखान्यांस आडकाठी होत गेली. १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें ठाणें-बेलापूर पट्टी, अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर येथें जागा तयार करून ठेविल्या होत्या. मोठे कारखानदार तिकडे गेले. लहान गाळेवाला मात्र साकीनाक्यासच राहिला, कारण त्याचें गिऱ्हाईक व त्याचा कारागीर हे दोघेही येथेंच होते.

तिसरी गोष्ट अलीकडची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत औद्योगिक विभागाचे सेवा उद्योग, सामान्य उद्योग व विशेष उद्योग असे तीन प्रकार केले गेले. पण त्याच नियमावलीनें औद्योगिक जमिनीवर, आयुक्तांची परवानगी घेऊन व अटी पाळून, घरें व दुकानें बांधण्याची वाटही मोकळी केली. पुढें १९९८ पासूनच्या माहिती तंत्रज्ञान धोरणानें संगणकाच्या उद्योगांस औद्योगिक पट्ट्यांत येण्याची मुभा व जादा चटई क्षेत्र दिलें. लगेच चांदिवली व साकी-विहार रस्त्याच्या बाजूस जुन्या कारखान्यांच्या जागीं कचेऱ्यांच्या व राहण्याच्या उंच इमारती उभ्या राहूं लागल्या. संगणकवाल्या कंपन्याही एकमेकींस खेटूनच आल्या, कारण जादा बांधकाम जेथें मिळतें ती जागा सर्वांनाच हवी असते. जागेचा भाव चढला तसे गाळेवाले वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली येथें किंवा भिवंडीकडे उठून जाऊं लागले. नकाशाची एक ओळ बदलली तेव्हां एका प्रकारच्या प्रतिस्पर्ध्यांचा थवा उडाला व दुसऱ्या प्रकारचा येऊन बसला.

नियमाच्या बाहेर राहिलेले

येथें एक दुःखाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नकाशा जागा ठरवितो. पण जो गरीब धंदेवाला त्या भावास जागा घेऊं शकत नाहीं, तो नाहींसा होत नाहीं. तो अडचणीच्या बोळांत, पोटमाळ्यावर, नाल्याच्या कांठीं आपला धंदा मांडतो. साकीनाक्याच्या खैरानी रस्त्यावर एका फरसाणाच्या दुकानास १८ डिसेंबर २०१७ रोजीं पहांटे आग लागली आणि आंत झोंपलेले १२ मजूर मरण पावले. आग लागण्याचें कारण कांहींही असो. काम, भट्टी व निजणें हीं तिन्ही एकाच छपराखालीं येतात तेव्हां माणसास बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं, हें उघड आहे.

मिठी नदीची कथाही अशीच. विहार-पवईकडून निघून साकीनाका व कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीस मिळणारी ही नदी कारखान्यांच्या सांडपाण्यानें व भरावानें आखडली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तिचें पाणी घरांघरांत शिरलें. आणि त्याच पावसांत साकीनाक्यास टेकडीची दरड कोसळून पुष्कळ माणसें दगावलीं. आपल्या गांवच्या नदीकांठीं औद्योगिक पट्टा यावा म्हणून हौसेनें ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारखाना कोठें यावा याबरोबरच त्याचें पाणी कोठें जावें, हेंही आधीं ठरलें पाहिजे.

भिवंडीचीं गोदामें आणि उसाचा कारखाना

नकाशाचा रंग हाच कांहीं एकटा नियम नव्हे. मुंबईंत माल आणतांना जकात द्यावी लागे. ती माल हद्दींत शिरतांना भरावी लागत असल्यामुळें, माल हद्दीबाहेर सांठवून लागेल तसा आंत आणणें व्यापाऱ्यास सोयीचें होतें. म्हणून भिवंडीच्या आसपास काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली अशा गांवांच्या भातखाचरांत गोदामें उठलीं. त्यांतील पुष्कळ बांधकामें परवानगीवांचून झालीं व तीं मागाहून अडचणींत आलीं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला व जकात गेली. पण गोदामें गेलीं नाहींत. उलट ॲमेझॉन व फ्लिपकार्ट या एकमेकींशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनींही आपलीं मोठीं गोदामें याच परिसरांत केलीं. नियम मेला तरी त्यानें घालून दिलेली वाट राहते, असा याचा अर्थ.

आतां याच्या उलट उदाहरण घेऊं. तें आपल्या घरचें आहे. साकीनाक्यास नियमानें प्रतिस्पर्धी एकत्र आणले; साखर धंद्यांत नियमानें त्यांस दूर ठेविलें आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत २००६ सालीं दुरुस्ती होऊन, दोन साखर कारखान्यांमध्यें निदान १५ किलोमीटर हवाई अंतर असावें असें ठरलें, व राज्यांस हें अंतर वाढविण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रानें तें २५ किलोमीटर केलें. हेतु असा कीं उभ्या असलेल्या कारखान्यास ऊस पुरावा व तो बंद पडूं नये. हा हेतु खोटा नव्हे. सहकारी कारखान्याचे सभासद आपणच आहों, आणि गळीत अपुरें झालें तर तोटा आपल्याच अंगावर येतो. पण दुसरी बाजूही खरी आहे. गाडीवाले जितके दूर, तितका गिऱ्हाइकास पर्याय कमी. तसेंच कारखाने जितके दूर, तितका ऊस विकणारास पर्याय कमी. वाजवी व किफायतशीर दर हा किमान आधार असला, तरी त्यावर चार पैसे अधिक मिळण्यास दुसरा घेणारा जवळ असावा लागतो. डॉ. रंगराजन यांच्या समितीनें २०१२ सालीं ही अंतराची अट व उसाच्या क्षेत्राचें आरक्षण हीं दोन्ही काढावीं अशी शिफारस केली होती. आमचें स्वतःचें मत असें कीं, अट ठेवावी कीं काढावी हें ठरवितांना कारखान्याच्या ताळेबंदाइतकाच ऊस घालणाराच्या बिलाचाही विचार झाला पाहिजे. आणि तो विचार मांडण्याचें काम दुसरा कोणी करणार नाहीं.

आपण काय करावें

आतां त्या दोन एकरांच्या धन्याच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. माती बदलली नव्हती. त्या मातीवर कोणीं बसावें याचा नियम बदलला होता. औद्योगिक पट्टा ठरला कीं एक कारखानदार येत नाहीं, त्याच्या मागून त्याचे प्रतिस्पर्धीही येतात, कारण त्यांना बसण्यास दुसरी जागा उरत नाहीं. अनेक घेणारे एका मर्यादित जमिनीवर येऊन पडतात आणि भाव चढतो. हा चढलेला भाव कोणास मिळावा, एवढाच प्रश्न राहतो. आणि ज्यास नकाशा आधीं कळतो त्यास तो मिळतो.

म्हणून शहराच्या, महामार्गाच्या किंवा नव्या वसाहतीच्या जवळ ज्यांची जमीन आहे त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या. पहिली, जमीन विकण्याचा किंवा साठेखताचा विचार येतांच नगररचना कचेरींतून आपल्या नंबराचा झोन दाखला व त्या भागाच्या नकाशाची प्रत घ्यावी. सात-बारा उताऱ्यावर मालकी व पीक दिसतें. झोन दिसत नाहीं. बिनशेतीची पद्धत अलीकडे पुष्कळ सुटसुटीत झाली असल्यामुळें झोनचें महत्त्व आतां पूर्वींपेक्षां अधिक आहे. दुसरी, आराखड्याचा मसुदा तयार होत आहे असें समजल्यास तो प्रसिद्ध होईपर्यंत शक्यतों विक्रीची घाई करूं नये. तिसरी, मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कायद्यानें ठरविलेल्या मुदतींत, सर्व्हे नंबर व कारण स्पष्ट लिहून हरकत द्यावी, पोंच घ्यावी व सुनावणीस स्वतः जावें. चौथी, हें काम एकट्यानें करण्याऐवजीं गांवानें किंवा संस्थेनें मिळून करावें. एका रस्त्यावरील सर्वांचें हित बहुधा सारखें असतें.

हरकतीनें काय होतें, असें कोणी म्हणेल. फेब्रुवारी २०१५ मध्यें मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील चुकांवर लोकांनीं इतक्या हरकती घेतल्या कीं दोन-तीन महिन्यांतच सरकारास तो फेरतयार करण्याचा हुकूम द्यावा लागला. सुधारलेला मसुदा २०१६ सालीं आला व २०१८ सालीं मंजूर झाला. शहरांतील भाडेकरू व कोळी बांधव जर नकाशा वाचून आपलें म्हणणें मांडूं शकतात, तर पिढ्यान्‌पिढ्या जमीन मोजीत आलेल्या शेतकऱ्यास तें कठीण कां वाटावें?

त्या शेतकऱ्याची जमीन परत आली नाहीं व येणारही नाहीं. आमच्या हातून त्यास वेळेवर एक शब्दही सांगितला गेला नाहीं, याचें शल्य आम्हांस आहे. निदान हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकानें या महिन्यांत एक दिवस काढून आपल्या नंबराचा रंग पाहून यावा, आणि शेजाऱ्यासही सांगावें, इतकीच विनंती आहे.